वेंगुर्ल्याची भावकी

भूगोलाच्या तासाला मी मुलांना समुद्र शिकवायचे आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. बदनापूरच्या पोरांना पाणी म्हणजे विहीर, नदी आणि फार तर पावसाळ्यात भरलेलं तळं. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाह्यला का?" मी फळ्याकडे वळून नकाशावर निळा खडू फिरवत राहिले होते.

आम्ही नवरा-बायको दोघंही शाळेत शिकवत होतो. तेव्हा आमचा जिल्हा औरंगाबाद, जालना नुसता तालुका. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे बरे झाले होते आणि लोकांना पुन्हा घराबाहेर पडावंसं वाटू लागलं होतं. त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या आणि शेजारच्या गावांतल्या काही शिक्षकांनी मिळून एसटीची गाडी करारावर घेतली. कोल्हापूर, आंबोली, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण आणि परत. बायकापोरांसकट. आमची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

सहलीची सगळी धावपळ मोठ्या गुरुजींनी केली. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. टेंभुर्णीकडचे, घरची बरीच जमीन, शेती भाऊ पाहायचे. अंगानं भरलेले, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. आम्ही बौद्ध. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळेतल्या माठावरून कुजबुज सुरू झाली, तेव्हा ह्याच गुरुजींनी सगळ्या मास्तरांसमोर मला हाक मारली होती. "बाई, तेवढं पाणी द्या बरं. तहान लागून राह्यली." मी तांब्या दिला, ते घटाघटा प्यायले, कुजबुज थांबली. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर होता. ते आमच्या घरी येत, खाटेवर बसत, चहा घेत. त्यांच्या मंडळी मात्र दारातच उभ्या राहून बोलायच्या. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. घरोघर तसंच होतं.

आंबोलीच्या घाटात मुलीला गाडी लागली. वेंगुर्ल्यात गाडी थांबली तेव्हा दिवस मावळत होता, आणि मी आणि आमचे हे गाडीच्या मागच्या बाजूला एका नळावर तिचं झबलं धूत होतो. खोबरेल तेल, खारी हवा आणि सुक्या मासळीचा असा एक वास येत होता की मी नाकाला पदर लावला आणि लगेच काढलाही, कुणी पाहील म्हणून. तेवढ्यात मोठे गुरुजी समोरच्या वाडीतून हात हलवत आले.

"चला, झालं काम! बाई एकटीच आहे, मोठं घर आहे. राहायचं घरात, जेवण पण घरचं. बिलकुल आपल्या घरच्यासारखं."

ते घर एका बाईचं होतं. वय पन्नाशीच्या पुढचं असावं. अंगानं काटक, नाकात मोठी चमकी, बोलणं भरभर. नवरा आणि मुलगे मुंबईला, घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू. सासू आतल्या खोलीतून दर थोड्या वेळानं विचारी, "कोण इला गो?" आणि ही बाहेरून ओरडून सांगे, "पावणे, पावणे!" सुट्टीच्या दिवसांत ती प्रवाशांना ठेवून घ्यायची आणि रांधून घालायची. माझ्या कडेवरची मुलगी पाहून ती थेट माझ्याकडेच आली. "पोरग्याक काय झाला? उलटी? थांब, कोकमाचा पाणी देतंय." तिची निम्मी भाषा मला कळत नव्हती, पण तिनं मुलीला माझ्याकडून काढून स्वतःच्या कडेवर घेतलं, ते कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही बंदरावर गेलो. समुद्राविषयी काय सांगू? मुलांना सांगण्यासाठी म्हणून मी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले आणि एकही वाक्य जमलं नाही. परत येताना गुरुजींनी सगळ्यांना डच लोकांची जुनी वखार दाखवली. पडक्या भिंतींवर झाडं उगवलेली, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. "इथून मिरी-मसाल्यांची गलबतं जायची," गुरुजी सांगत होते, आणि बाकीचे मास्तर एकमेकांचे फोटो काढत होते. कॅमेरा एकाकडेच होता, तो हातोहात फिरत होता.

घरी आले तर त्या बाईनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. बाकीच्या बायका अंघोळीच्या रांगेत होत्या. "तू बस हय. नारळ खवून दे माका." विळीच्या पुढच्या टोकाला दातेरी चकती होती, तिच्यावर नारळाची वाटी फिरवायची. मला ते जमेना, आणि ती हसायला लागली. मग तिनं मागे बसून माझे दोन्ही हात धरले आणि फिरवून दाखवलं. माझ्या आईनंतर कुणी मला तसं काही शिकवलं नव्हतं. खोबरं झाल्यावर मी आपण होऊन विहिरीवर गेले, रहाटानं पाणी शेंदलं आणि कळशी आणून ओट्यावर ठेवली. तिनं अबोलीची वेणी आणून माझ्या केसांत माळली. म्हणाली, "सगळ्यात तूच गो माझ्या लेकीसारखी." तिला लेक नव्हती.

मला सुख वाटलं. इतकं सुख वाटलं की ते मला आजही नीट आठवतं. आमच्याकडे शेजारपाजार होता, पण दुसऱ्या कुणाच्या चुलीपाशी मी अशी बसले नव्हते. मनात आलं, कोकणातली माणसं वेगळी दिसतात. समुद्राकाठी राहून मन मोठं होत असेल. संध्याकाळी ह्यांना हे सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुपारी गाडी सावंतवाडीला निघाली, लाकडी खेळण्यांचा बाजार पाहायला. त्या बाईचा भाऊ तिथं खेळण्यांचं दुकान चालवायचा, म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली. गाडीत माझ्याशेजारीच बसली, मुलगी तिच्या मांडीवर.

चितारआळी म्हणजे एक अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानं. प्रत्येक दुकानात फळंच फळं. आंबे, काजूची बोंडं, सीताफळं, केळ्यांचा घड, फोडलेलं कलिंगड. सगळं लाकडाचं. आमच्यातल्या एका मास्तरांनी पेरू उचलून हुंगून पाहिला आणि सगळे हसले. आतल्या बाजूला माणसं यंत्रावर लाकूड फिरवत होती आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवत होती. लाख तापून वितळायची आणि लाकडावर रंगाचे पट्टे उमटायचे. तापलेल्या लाखेचा गोडसर, जळकट वास साऱ्या आळीत भरलेला. बायका दुकानात मागे बसून पाटांवर वेलबुट्टी रंगवत होत्या. आमच्या बाजूच्या आठवडी बाजारात लाकडाचं म्हणजे खाटेचे पाय नाहीतर पोळपाट. इथं लाकडाला नुसतं सुंदर करण्यासाठी इतकी माणसं बसली होती. मी मुलीला उचलून एकेक फळ दाखवत होते आणि ती प्रत्येक फळाला "खाऊ" म्हणत होती.

त्या बाईनं आम्हाला भावाच्या दुकानात नेलं. भाऊ शांत माणूस, कानावर ब्रश अडकवलेला. तिनं एक छोटीशी भातुकली काढायला लावली. चूल, जातं, कळशी, पोळपाट-लाटणं, सगळं बोटभर. ती मुलीच्या हातात देत बाई भावाला म्हणाली, "ही त्या मास्तरांची भावजय. त्यांच्या चुलत भावाची बायल. आपल्यातलीच आसत."

मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाविषयी बोलतेय. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कुणाची भावजय?" मी विचारलं.

"तुमच्या मोठ्या मास्तरांची. माका काल त्यांनीच सांगल्यांनी. मी विचारलंय ना, कोण कोण आसत म्हणान. सगळ्यांची आडनावां सांगल्यांनी. तुमी दोघां त्यांच्या भावकीतली."

दुकान तेच होतं, फळं तीच, वास तोच. पण मला काही ऐकू येईनासं झालं. काल मी मुलीचं झबलं धूत होते, तेव्हा माझं आडनाव बदललं गेलं होतं. आणि सकाळपासून मला जे जे मिळालं, ती खोबऱ्याची वाटी, माझ्या हातांवरचे तिचे हात, केसांतली वेणी, ते मला मिळालंच नव्हतं. ते त्या भावजयीला मिळालं होतं, जी कुठं नव्हतीच.

सगळ्यात आधी मला विहीर आठवली. हे मी का लपवू? मला राग आधी यायला हवा होता. आधी विहीर आठवली, तिच्यात सोडलेली दोरी, कळशी, ओटा. जणू मीच काही चोरलं होतं. माझे सासरे दीक्षा घेऊन आले त्या दिवशी घरातला देव्हारा उचलून त्यांनी सांगितलं होतं, आजपासून मान खाली घालायची नाही. त्या घरची मी सून, शिकलेली, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी, आणि खेळण्यांच्या दुकानात उभी राहून माझी मान आपसूक खाली गेली होती. त्या मान खाली जाण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मी म्हणाले, "मावशी, जरा बाहेर येता?"

बाजारापासून जवळच मोठं तळं आहे. त्याच्या कठड्यापाशी आम्ही उभ्या राहिलो. मुलगी तिच्याच कडेवर होती, हातात भातुकलीतली कळशी घट्ट धरून.

"गुरुजींनी खोटं सांगितलं तुम्हाला," मी म्हणाले. "आम्ही त्यांच्या भावकीतले न्हाई. आम्ही बौद्ध आहोत."

तिला चटकन कळलं नाही. मग कळलं. तिच्या तोंडावर राग आला नाही, किळसही नाही. ती घाबरली. मुलीला तिनं खाली ठेवलं नाही, पण तिचा धरलेला हात सैल झाला, आणि मुलगी घसरायला लागली म्हणून मी पुढे होऊन तिला घेतलं.

"सासूक कळला तर..." ती म्हणाली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "तू माका सांगूक नको होतंस गो."

"मला पण कुणी इचारलं न्हाई, मावशी," मी म्हणाले.

मी भातुकली परत करायला लागले, तेव्हा तिनं हात मागे घेतले. "पोरग्याक दिलेला परत घेणत नाय." ती भावाच्या दुकानाकडे निघून गेली. परतीच्या वाटेवर ती गाडीत पुढे बसली, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, एकटी.

ह्यांना मी गाडीत हळूच सगळं सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. हातातली टोपी गोल गोल फिरवत होते. मग म्हणाले, "आजच सांगायचं होतं का? एकच तर रात्र राह्यली होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई. बराबर केलंस. मी काय बोलून गेलो." पुढचा सगळा रस्ता त्यांनी मुलीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतून हात फिरवला. मला ठाऊक होतं की त्यांना माझा राग आलेला नाही. त्यांनाही माझ्यासारखीच लाज वाटत होती, आणि दोघांनाही ती एकमेकांपासून लपवायची होती.

संध्याकाळी ओसरीवर पंगत मांडली होती. आदल्या रात्री आम्ही सगळे पितळेच्या ताटांत जेवलो होतो. त्या दिवशी ताटं नव्हती. प्रत्येकासमोर केळीचं पान. ओलं, नुकतं कापून धुतलेलं.

"अरे वा!" मोठे गुरुजी हात चोळत म्हणाले. "आज तर खास कोकणी थाट! केळीच्या पानावर जेवण! पाहा रे पोरांनो, आपल्याकडं हे लग्नातच."

सगळे खूश झाले. मुलांनी पानावर बोटं ओढून रेघा काढल्या. एका मास्तरांच्या बायकोनं विचारलं, हे पान कोणत्या बाजूनं मांडायचं. ती बाई वाकून वाढत होती. माझ्या पानावर भात वाढताना ती डाव उंच धरून वाढत होती, आणि भात पडताना माझ्या पानाबाहेर सांडला. तिनं मला वेगळं बसवलं नव्हतं. मला एकटीला पान दिलं नव्हतं. सगळ्यांना पानं दिली, म्हणजे मला कुणी हसू नये, आणि तिला माझं ताट घासायची वेळ येऊ नये. तिला जेवढं सुचलं तेवढं तिनं केलं होतं. एवढं सगळं मला त्या एका घासात कळत होतं, आणि शेजारी हेही भात कालवत खाली बघत बसले होते.

"वाढा, वाढा, मावशी, लाजू नका!" गुरुजी म्हणत होते. "असं जेवण जालन्याला मिळायचं न्हाई."

मी जेवले. उठून गेले असते तर सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं. पान मी स्वतः उचललं आणि मागच्या गोठ्यापाशी नेऊन टाकलं. ती ओट्यावर चिंचेनं तांब्याची कळशी घासत होती. कदाचित ती रोजच घासत असेल. मी विचारलं नाही.

सकाळी गाडी निघताना ती अंगणात उभी होती. बाकीच्या बायकांना कुंकू लावलं. माझ्यापुढे आली तेव्हा तिच्या हातात करंडा होता आणि बोट कुंकवात बुडालेलं. घरातून सासूनं हाक मारली, "गेले काय गो पावणे?" तिचं बोट तसंच राहिलं. मी मान जराशी हलवली, राहू द्या म्हणून, आणि गाडीत चढले. त्या वेळी तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. ते आधी पाहिलं होतं तेवढं पुरे होतं.

मालवणला होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. तटावरून चालताना सगळे पुढे गेले आणि मोठे गुरुजी दम खायला थांबले, तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. हेही आले. हे काही बोलणार नाहीत, हे मला कळत होतं. नोकरीच्या सुरुवातीपासून ते गुरुजींच्या हाताखाली होते.

"गुरुजी, तुम्ही वेंगुर्ल्याला आमचं आडनाव काय सांगितलं?"

त्यांचा चेहरा आधी हसरा होता, मग गोंधळला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच बाईनं."

"अहो, तिनं इचारलं सगळ्यांचं. दिवस मावळून राह्यला होता, लेकरं थकली होती. न्हाई म्हणाली असती तर अख्खी गाडी घेऊन कुठं हिंडलो असतो? मंग मी म्हणलं, हे आमच्या घरचेच." ते माझ्याकडे बघायला लागले. "मी तुम्हाला घरचं म्हणलं, वहिनी. ह्यात कमीपणा काय झाला तुमचा?"

"आम्हाला आमचं घर आहे ना, गुरुजी," मी म्हणाले. "दुसरं कशाला दिलं?"

समुद्राच्या वाऱ्यानं त्यांच्या धोतराचा सोगा फडफडत होता, तो त्यांनी हातात धरून ठेवला. मी मग पानांचं सांगितलं. कशासाठी होती ती पानं, ते. ऐकता ऐकता त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मी तर वा वा करून राह्यलो होतो," ते पुटपुटले. तटाच्या दगडावर ते बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसूनच राहिले. सगळ्या सहलीत इतका मोठा आवाज असलेला माणूस, त्याला बसलेलं पाहून मलाच वाईट वाटायला लागलं. आणि मलाच का वाईट वाटावं, ह्याचा रागही आला.

मालवणहून निघाल्यावर गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. कोण काय म्हणालं ते आमच्या कानावर आलं नाही, पण आम्ही बोलायला लागलो की सगळे फार आदबीनं ऐकायचे. ती आदब मला टोचत होती. बदनापुरात आल्यावर शाळा सुरू झाली. मी मुलांना समुद्र शिकवला. वर्गातल्या त्या मुलीनं पुन्हा विचारलं, आणि मी सांगितलं, हो, पाहिला. मोठा आहे.

मोठे गुरुजी वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. शाळेत कामापुरतं बोलत, रस्त्यात भेटले की हात जोडत आणि लगबगीनं पुढे जात. मला वाटलं, संबंध संपला.

पुढच्या वर्षी पुन्हा सहलीचं निघालं. ह्या खेपेला अलिबाग आणि मुरूड, जंजिऱ्याचा किल्ला. मी जाणार नाही म्हणाले. हे म्हणाले, "जायचं. पण राहायची जागा मी इचारणार." हे त्यांनी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं. गुरुजींनी नुसती मान डोलावली.

मुरूडला गाडी थांबली तेव्हा दुपार कलली होती. हे एकटेच खाली उतरले. पहिल्या घराच्या अंगणात उभे राहून त्यांनी आम्ही किती जण, कुठून आलो, सगळं सांगितलं आणि मग घरमालकानं विचारायच्या आत आपलं सांगून टाकलं. गाडीच्या खिडकीतून आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण घरमालकानं आत पाहिलं आणि नकाराचा हात हलवला, ते दिसलं. दुसऱ्या घरीही तसंच. गाडी पुढे सरकत होती, हे पायी चालत होते. गाडीत मुलं पाण्यासाठी रडत होती. मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज आला, "दोघांपायी सगळ्यांचे हाल." बोलल्या त्या मोठ्या गुरुजींच्या मंडळी होत्या. वेंगुर्ल्यात लाज वाटली होती ती खोट्यानं. इथं सगळं खरं सांगूनही मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

तिसऱ्या घरापाशी मोठे गुरुजी उठले. बायकोकडे न बघता गाडीतून उतरले आणि ह्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ह्या वेळी गाडी अगदी कुंपणाला लागून होती, म्हणून मला ऐकू आलं. घरमालक म्हणत होता, बाकीच्यांची सोय घरात होईल, ह्या दोघांची मागच्या पडवीत. त्यानं गुरुजींना विचारलं, "आपण कोण?"

"मी ह्यांच्यासंगं," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना एकाच जागी द्या, न्हाई तर राहू द्या."

मग राहू द्या झालं. शेवटी गावच्या शाळेत गेलो. तिथले शिक्षक भले होते, त्यांनी व्हरांडा उघडून दिला, सतरंज्या दिल्या, पिण्याचं पाणी दिलं. जेवण म्हणजे गाडीतून आणलेल्या भाकऱ्या आणि ठेचा. डासांनी रात्रभर कुणाला झोपू दिलं नाही. गुरुजींच्या मंडळी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि इतर दोघी-तिघींनीही आपली अंथरुणं जरा लांब ओढून घेतली. ह्यांना सकाळी ताप होता. कुणाला ह्या सगळ्यानं बरं वाटलं असं मला म्हणता येणार नाही.

सकाळी धक्क्याकडे चालत निघालो. गुरुजींची धाकटी मुलगी चौथीत होती, हातभर वेणीची, चौकस. ती बापाचं बोट धरून चालत होती. अंगभर डास चावल्याचे फोड.

"दादा, आपण घरात का न्हाई झोपलो?"

"घरात जागा दिली न्हाई म्हणून."

"का न्हाई दिली? घर तर मोठं होतं."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. त्या पुढे चालायला लागल्या. मग गुरुजींनी चालण्याचा वेग कमी केला आणि त्या पोरीला सांगायला सुरुवात केली. वर्गात शिकवतात तसं नाही, अडखळत, मधेच थांबत. जात म्हणजे काय, आम्ही कोण, त्यांचं घर कोणतं, आमचं कोणतं, आणि वेंगुर्ल्याला त्यांनी काय सांगितलं होतं. पोरगी मधे मधे "पण का?" म्हणत होती. एका ठिकाणी ते पार अडले, शब्दच सापडेना. हे तापातच चालत होते. ते पुढे झाले आणि त्यांनी ते वाक्य पुरं केलं. पुढं दोघं आळीपाळीनं तिला सांगत राहिले.

मी आमच्या मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या मागं चालत होते. धक्क्यावर शिडाची होडी लागली होती आणि नावाडी हात करून बोलावत होता.